गुरुवारचं डोहाळजेवण

“उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात जायचंय. तपासणी आहे. रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही,” जेलर बोरीकरबाई म्हणाल्या, आणि मी खुळी चक्क खूश झाले.

तुरुंगात राहिलेल्या बाईलाच ते कळेल. बाहेर जायला मिळणं म्हणजे जत्राच. पोलिसांच्या गाडीला जाळी असते, पण जाळीतूनही रस्ता दिसतो, भजी तळणारा दिसतो, शाळेत निघालेल्या मुली दिसतात. मी त्याच आनंदात बराकीत आले. अन्साबाई ओट्यावर गहू पाखडत बसली होती, तिला म्हटलं, “मावशी, उद्या मी शहर बघून येणार!”

अन्साबाई आमच्या बराकीची वॉर्डर. म्हणजे होती आमच्यासारखी कैदीच, जन्मठेपेची, पण इतकी वर्षं आत काढलेली की बायकांवर नजर ठेवायचं काम तिच्याकडे दिलेलं. दंडावर वॉर्डरची पट्टी, अंगावर हिरव्या काठाची जेलची साडी आणि तोंड असं की हवालदारबाईसुद्धा दोन पावलं मागं सरकायच्या. तिनं नवऱ्याच्या डोक्यात पाटा घातला होता. ते ती लपवत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, “रोज मारायचा. एक दिवस मी मारलं. माझं एकदाच मोजलं त्यांनी.”

“कशाला नेतेत?” तिनं विचारलं.

“तपासणीला. फक्त उपाशी राहायचं म्हणाल्या.”

सूप तिच्या हातात तसंच थांबलं.

“पोटाला हात लावून बघायचं तर उपाशी कशाला लागतंय गं?”

मी काय सांगणार? मला तिसरीपर्यंतची शाळा. आमच्या भावकीत बांधावरून मारामारी झाली होती, त्यात एक माणूस गेला होता, आणि फिर्यादीत आमच्या घरातल्या झाडून सगळ्यांची नावं घातली होती. मी त्या वेळी चुलीपुढे भाकरी थापत होते. पण फिर्यादीत माझ्या हातात कोयता होता. नवरा, दीर, सासरा भिंतीपलीकडे पुरुषांच्या जेलात, सासू म्हातारी म्हणून तेवढी जामिनावर सुटलेली, आणि मी इथं. त्यात मला चौथा महिना. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सासूनं सगळे देव आणि सगळे देवऋषी करून झाले होते, आणि पोटात राहिलं ते नेमकं पोलीस दारात यायच्या आधी.

अन्साबाईनं सूप खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याजवळ सरकली.

“द्वारके, पाडनारेत तुझं.”

मला आधी कळलंच नाही.

“जेलात बाळंतपन म्हंजे ह्यांच्या डोक्याला ताप. गाडी, पोलीस, कोर्टाचे कागद. मागं एक बाई बाळंतपनात गेली, तिची चौकशी लागली, तवापासून सगळे भेलेत. मंग कोन बी पोटुशी आली का तिच्या अंगात रक्त कमी निघतंय. आन एकदा भूल दिली का दवाखानेवाले पुन्यांदा पोर होऊ ने म्हनून वरून टाके बी मारून टाकतेत. त्यांचं बी टारगेट आसतंय. तुला जाग आल्यावर कळंल.”

“पण मला विचारतील ना आधी?”

अन्साबाई हसली. तिचं हसू बघवेना.

“इचारतील? तुझ्या हातात कोयता व्हता का म्हनून तरी कुनी इचारलं का?”

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि रडायला लागले. अन्साबाईनं मला रडू दिलं. मग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

“एक सांग. तुला पायजे ना हे पोर? का सासूला पायजे म्हनून?”

असं मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मी विचार केला, खरंच केला, आणि म्हटलं, “मला पाहिजे, मावशी. मला.”

“मंग झालं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतंय. आपन ते रिकामं ठिवायचंच न्हाई.”

“बाई ओरडतील.”

“वरडू दे. डोहाळजेवनाला कोन वरडतंय?”

त्या मोठ्या दवाखान्यात असली ऑपरेशनं फक्त गुरुवारी होत. बाकीचे वार दुसऱ्या कामांचे. माझी कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात होती आणि त्या दिवशी जज्जसाहेबासमोर उभी राहून मला बोलता आलं असतं. म्हणजे मधले गुरुवार तेवढे निभावायचे होते. अन्साबाईनं हे सगळं गहू निवडता निवडता जुळवलं.

गुरुवारी सकाळी बंदी उघडली, म्हणजे बराकीचं कुलूप निघालं, आणि बायका कामाला लागल्या. बराकीमागं भाजीचे वाफे होते, तिथं मला नेऊन बसवलं. फुलं कुठली असणार? वांग्याच्या जांभळ्या फुलांची वेणी केली. काचेच्या बांगड्या जेलात चालत नाहीत, म्हणून शिवणाच्या खोलीतल्या हिरव्या दोऱ्याची वळून वळून बांगडी केली आणि दोन्ही हातांत चढवली. जेलच्या स्वयंपाकघराला आमच्याकडे भिशी म्हणतात. भिशीत रेहाना काम करायची, औरंगाबादची, दिसायला नाजूक आणि जिभेला धारदार. तिनं सकाळच्या दलियात गूळ ओतून लापशी केली आणि पातेलंच घेऊन आली.

“मावशी, ये लो. तूप मागू नका, तूप जेलर के घर जाता है.”

ज्या बायकांच्या मुलाखतीला माणसं यायची त्यांनी लपवलेलं बाहेर काढलं. कुणी शेंगदाण्याचा लाडू, कुणी फरसाण, कुणी सुक्या खोबऱ्याची वाटी. एका सवाष्णीनं माझी ओटी भरली, जेलच्या गव्हानं. आणि मग रेहानानं तिथल्या तिथं रचलेलं गाणं सुरू झालं:

“पहिल्या महिन्यात द्वारकेला मळमळ,
बोरीकरबाईला लागली तळमळ!”

बायका हसता हसता लोळत होत्या आणि प्रत्येकजण येऊन माझ्या तोंडात घास कोंबत होती. मी जन्मात कधी इतकी जेवले नव्हते. तेवढ्यात बोरीकरबाई आल्या.

“काय चाललंय हे?”

“डोहाळजेवन, बाई,” लांब नळाजवळ उभी असलेली अन्साबाई म्हणाली. “बागेतलं.”

“हिला उपाशी ठेवायला सांगितलं होतं मी!”

“व्हय? गर्भारशीला कोन उपाशी ठिवतंय? आमाला वाटलं, तुमी चुकून बोलला.”

बोरीकरबाईंचा चेहरा लाल झाला. पण तेवढ्यात एका म्हातारीनं त्यांच्यापुढं कुंकवाची पुडी धरली, आणि त्यांची मान आपोआप पुढं झाली. जेलर झाली म्हणून काय झालं, मराठी घरातली बाई, कुंकवाला नाही म्हणणं तिच्या हाडात नव्हतं. कुंकू लावून घेतल्यावर मग ओरडणार कशी? गाडी आली तशी रिकामी परत गेली.

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सगळं अन्साबाईनं जमवलं होतं. कुणाकडे लाडू आहे ते तिला ठाऊक, दोरा तिनं आणलेला. पण ती स्वतः माझ्याजवळ आली नव्हती. ओटीला हात लावला नाही, घास दिला नाही. नळाजवळ उभी राहून ती नुसती बघत होती. मी रेहानाला विचारलं.

“वो नहीं आती कभी,” ती म्हणाली. “नवरा नाही, मूल नाही. म्हणते, माझी सावली नको गर्भारशीवर. पागल है. सगळ्यांची ओटी तीच जमवते आन आपण लांब उभी राहते.”

दुसऱ्या गुरुवारी बोरीकरबाई हुशार झाल्या. आदल्या संध्याकाळी माझं ताट काढून घेतलं आणि सकाळी माझ्यावर नजर ठेवायला एक हवालदारबाई बसवली. पण डोहाळजेवण काय बागेतलंच असतं? झोपाळ्यावरचंही असतं. दोर जेलात मिळत नाही, म्हणून चार दांडग्या बायकांनी जेलच्या कांबळ्याची चार टोकं धरली, मला त्यात बसवलं आणि झोके द्यायला सुरुवात केली. हवालदारबाई एका बाजूला उभी. झोका दुसऱ्या बाजूला गेला की तिथं कुणीतरी तोंडात लाडवाचा तुकडा टाकायची. परत येईपर्यंत मी तो गिळलेला असायचा. ती बिचारी तरुण पोर होती, तिला स्वतःलाच हसू आवरेना. शेवटी तिनंच बोरीकरबाईंना जाऊन सांगितलं, “बाई, हिनं खाल्लंय.” मला अजून वाटतं, तिनं ते मुद्दाम सांगितलं.

दुपारी बोरीकरबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. आज मात्र आवाज मऊ होता.

“द्वारका, मी काय तुझी वैरीण आहे का? डॉक्टरांचं मत आहे. अंगात रक्त नाही तुझ्या. आणि जेलात पोर जन्माला घालून काय करणारेस? भिंती दाखवणारेस त्याला? सुटलीस की होईल दुसरं.”

“दुसरं होऊ देणार का तुम्ही?” मी म्हटलं.

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले मलाच कळलं नाही. अन्साबाईचं वारं लागलं असणार. बोरीकरबाई माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत बसल्या. म्हणजे टाक्यांचंही खरंच होतं. तोपर्यंत मनात थोडी तरी आशा होती की मावशी उगाच घाबरवतेय.

“जा,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी मला बराकीतून काढून सेपरेटला टाकलं. सेपरेट म्हणजे एकटीची कोठडी. जेलात भांडणाऱ्या बायकांना तिथं ठेवत. पुढं गज, आत एक माठ, तोही काढून नेलेला. आणि मी काही खाऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागं नेऊन हातकडी घातली. पोटातल्या पोराला जणू हातपाय फुटून ते पळून जाणार होतं.

“हिच्याजवळ कुणी फिरकायचं नाही,” बोरीकरबाईंनी हवालदारबाईंना बजावलं. “सकाळी तोंड धुवायला पाणी अन्साबाई नेईल. बाकी भिशीवाली ती रेहाना इकडे दिसली तर तिला बंद करा.”

त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांच्या मते सगळ्या उचापती रेहानाच्या. अन्साबाईची माफी मंजूर झाली होती, महिनाभरात ती सुटणार होती, एवढी वर्षं काढून दारातून मागं फिरायचा वेडेपणा ती कशाला करेल? आणि दुसरं म्हणजे, अन्साबाई कुणाच्याही ओटीला हात लावत नाही, कुणा गर्भारशीला घास भरवत नाही, हे बोरीकरबाईंनी इतकी वर्षं बघितलं होतं. सगळ्या जेलात तिच्याइतकी भरवशाची राखण करणारी त्यांना दुसरी सापडली नसती. मलाही तसंच वाटलं, आणि मी रात्रभर पोटाशी गुडघे घेऊन पडून राहिले.

सकाळी अन्साबाई बादली घेऊन आली. मागं व्हरांड्याच्या टोकाला हवालदारबाई पाठमोरी उभी होती. अन्साबाईनं बादली ठेवली, इकडंतिकडं बघितलं आणि साडीच्या ओच्यातून चपातीची गुंडाळी काढली. चपातीत लापशी भरलेली होती, गूळ बाहेर पाझरत होता. तिनं ती गजांतून आत धरली.

“घे. लवकर.”

मी वळून तिला पाठीमागचे हात दाखवले.

तिनं ती हातकडी बघितली आणि तिचा चेहरा बदलला. एवढी नवरा मारलेली बाई, कुणाच्या बापाला न भिणारी, पण त्या क्षणी गजांच्या आत आलेला हात ती हळूहळू मागं घ्यायला लागली.

“मावशी?”

“मी रेहानाला बोलावते. कुनीतरी सवाशीन...”

“रेहानाला इकडे येऊ देणार नाहीत.”

बाहेर जेलच्या लाल गेटपाशी गाडीचा हॉर्न वाजला. कुलपांचा खडखडाट झाला. अन्साबाईनं गेटकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

“माज्या हातचं चालंल का तुला?” ती पुटपुटली. “मी आशी... पांढऱ्या कपाळाची, वांझोटी. पोराला काही झालं म्हंजे?”

मला त्या वेळी चांगलं काही सुचलं नाही. सांत्वन करावं, पाया पडावं, काही नाही. मला कडकडून भूक लागली होती, रात्रभर लागली होती, आणि तेच तोंडातून गेलं.

“मावशी, मला भूक लागलीय.”

तिनं एकदम नाक शिंकरावं तसा आवाज केला आणि म्हणाली, “तोंड उघड.”

मी गजांना तोंड लावलं. तिनं घास घातला. तिच्या हाताला गव्हाच्या कोंड्याचा आणि जेलच्या साबणाचा वास होता. मी चावत होते, ती पुढचा घास तयार ठेवून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. शेवटचा घास गिळला तेव्हा हवालदारबाई वळली. तिला दिसलं ते एवढंच, की अन्साबाई ओल्या हातानं माझं तोंड पुसतेय.

दवाखान्यात मला उंच पलंगावर झोपवलं. हातकडी काढून एक हात पलंगाच्या दांडीला अडकवला. डॉक्टर हातमोजे चढवत होते. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. बोलत होते ते हवालदारबाईशी.

“आज तरी उपाशी आहे ना?”

“व्हय साहेब. सेपरेटला ठेवली होती.”

“मी खाल्लंय,” मी म्हटलं.

“खोटं बोलतेय. सुरू करा.”

भूल देणारे एक तरुण डॉक्टर होते. ते सुई घेऊन पुढं आले. त्यांच्या हाताला स्पिरिटचा भयंकर वास येत होता. मला आधीच त्या दिवसांत वास सहन होत नसत. अन्साबाईची सगळी लापशी, गुळासकट, थेट मोठ्या डॉक्टरांच्या बुटांवर गेली. उलटीची इतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

तरुण डॉक्टर सुई घेऊन मागं सरकले.

“सर, हिच्या पोटात अजून अन्न असणार. भूल दिली तर ते श्वासनलिकेत अडकेल.”

“मला हे मूल पाहिजे,” मी ओरडले. दारापलीकडच्या वॉर्डात बसलेल्या बायकाही माना वळवून बघायला लागल्या. “मला कुणी विचारलं नाही! मला पाहिजे!”

“हिची संमती कुणी घेतली?” तरुण डॉक्टरांनी विचारलं. मोठे डॉक्टर बूट पुसत होते. “हिचा अंगठा कुठंय? मी भूल देणार नाही, सर. लिहून देतो हवं तर.”

मोठे डॉक्टर काहीतरी पुटपुटत निघून गेले. गाडी मला घेऊन परत आली. येताना भजीवाला दिसला, पण मी बघितलं नाही. मला आमची बराक कधी दिसतेय असं झालं होतं.

पुढं तारखेला मी साहेबांसमोर सगळं सांगितलं, चाचरत, पण सांगितलं. त्यांनी हुकूम दिला की हिच्या मर्जीविरुद्ध काही करायचं नाही, आणि हिला दूध, फळं द्या. फळं आली नाहीत. पण त्यानंतर दवाखान्याची गाडी गुरुवारी मला न्यायला आली नाही.

आणि अन्साबाईनं काय मिळवलं? बोरीकरबाईंना कळायला वेळ लागला नाही. कोठडीच्या गजाला लापशी चिकटलेली होती. तिच्या दंडावरची पट्टी काढली. मंजूर झालेली माफी रद्द झाली. आता पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. किती वर्षं ते कुणी सांगेना. मी हे ऐकलं आणि धावत तिच्याकडे गेले. ती ओट्यावर तशीच गहू पाखडत बसली होती, पट्टी काढलेल्या दंडावर फिकट पांढरा डाग होता.

“मावशी, तुम्ही सुटला असता.”

“सुटून कुठं जानार व्हते? कोन बसलंय माजी वाट बघत?”

“तरी पण...”

“हे बघ,” ती सुपातले खडे वेचत म्हणाली, “मी ह्या जेलात आले तवा मला बी दिस गेलेले व्हते. नवऱ्याचंच. मला बी एक बाई येऊन म्हनली, उद्या तपासनी हाय, उपाशी ऱ्हा. मी ऱ्हायले. लई गुनाची व्हते मी तवा. कुनी काय सांगितलं का ऐकायची.”

तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला.

“जागी झाले तवा पोट सपाट. हिथं टाके. इचारलं तर म्हनली, बरं झालं, जेलात पोर कुठं वाढवनार व्हतीस? मी बी म्हनलं, व्हय, बरं झालं. दोन वरसांनी एका नर्सबाईनं सांगितलं का आता पुन्यांदा कधीच व्हनार न्हाई.” तिनं सूप झटकलं, कोंडा उडाला. “मी एकदा उपाशी ऱ्हायले, द्वारके. तेवढीच एकदा. आता हिथं कुनाला ऱ्हाऊ देत न्हाई.”

मला कळलं की माझ्या आधीही किती बायकांच्या तोंडात तिनं लांबून घास पोचवले असतील. माझ्या तोंडात मात्र तिला स्वतःच्या हातानं घालावा लागला होता. एवढी मोठी बाई मी नंतरच्या आयुष्यात पाहिली नाही. मोठमोठ्या लोकांना हार घातलेले पाहिले, तेव्हाही मला तीच आठवली, ओल्या हातानं माझं तोंड पुसणारी.

मुलगी झाली. बाळंतपणातही माझा एक पाय साखळीनं खाटेला बांधलेला होता, पण त्याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. बारसं बराकीत झालं. नावावरून भांडणं झाली, रेहानाला फिल्मी नाव हवं होतं. शेवटी अन्साबाई लांबून म्हणाली, “पोटभर जेवलेल्या आईची हाय, तृप्ती म्हना.” पोर वर्षाची झाली तेव्हा आम्ही सगळे निर्दोष सुटलो. अन्साबाईला सुटायला त्यानंतर बराच काळ गेला. ती सुटली त्या दिवशी तिला न्यायला जेलच्या दारात एकटी मी होते, आणि माझं बोट धरलेली तृप्ती. तेव्हापासून अन्साबाई आमच्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात तृप्तीचं डोहाळजेवण झालं. तिनं हट्टानं वार गुरुवारच धरला. घर बायकांनी भरलं, तिची सासू आली, नणंदा आल्या. फुलांचा धनुष्यबाण, हिरवी साडी, खऱ्या काचेच्या बांगड्या. ओटी भरून झाली, घास भरवणं सुरू झालं. आणि अन्साबाई? आता पार वाकलीय, दिसतंही कमी. ती मागच्या दारात पाण्याच्या हंड्याजवळ भिंतीला धरून उभी होती. तिथून हलायला तयार नाही. माझी नणंद हळूच म्हणाली, “असू दे वहिनी, त्यांना नसेल आवडत.” तिला काय आवडत नाही आणि काय वाटतं, ते मला चांगलं माहीत होतं.

तृप्ती पाटावरून उठली. साडी सावरत, पोट सावरत सगळ्या बायकांमधून वाट काढत मागच्या दारापाशी गेली आणि अन्साबाईसमोर जमिनीवर बसली.

“आजी, मला भूक लागलीय.”

अन्साबाईचा हात पदराशी चाळवला. तिनं वाकून तृप्तीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कमी दिसत असल्यानं नाकडोळे बोटांनी ओळखल्यासारखा.

“आदी सांग,” ती म्हणाली. “तुला पायजे ना हे पोर? का सासूला पायजे म्हनून?”

तृप्तीच्या सासूसकट सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. तृप्तीही हसली नाही. तिनं थोडा वेळ घेतला, खरंच विचार केला.

“मला पाहिजे, आजी. मला.”

“मंग तोंड उघड.”